माहेरची वाटी

मला गप्प बसण्याची अट घालणारी पहिली व्यक्ती म्हणजे मिरजेच्या डॉक्टर तस्नीम बागवान, आणि त्या अटीबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

एरवी अटी मी घालते. कोणत्या शेतात काय पेरायचे, कोणाची सोयरीक कोठे जुळवायची आणि जेवताना फोन कोठे ठेवायचे, हे मोहित्यांच्या घरात सासूबाई गेल्यापासून मी ठरवत आले आहे. सुना मला आईसाहेब म्हणतात, मुलगेही म्हणतात. माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि त्याला माझी हरकत नाही.

माझे वडील सर्जेराव निकम, आमचे तात्या, नव्वदी ओलांडल्यावर एकेक माणूस विसरू लागले. आधी व्याही विसरले, मग पुतणे, मग स्वतःचा मुलगा. शेवटी माझी पाळी आली. ते मला ‘आक्का’ म्हणू लागले. आक्का ही त्यांची थोरली बहीण. मी परकर नेसत होते तेव्हाच ती वारली. आक्का समजून ते माझा मान राखीत, माझ्या हातून औषध घेत, आणि मग दाराकडे पाहून विचारीत, “आक्का, माझी माला अजून आली न्हाई गं?”

माला म्हणजे मीच. रत्नमाला. माझी चौकशी ते माझ्याजवळच करीत, आणि मी “येईल हं” म्हणून पदर सावरून उठत असे. तात्या जाण्यापूर्वी त्यांनी मला एकदा माझ्या नावाने हाक मारावी, एवढीच माझी इच्छा उरली होती. मागून घेण्याची सवय नसलेल्या बाईला अशी इच्छा फार जड जाते.

डॉक्टर बागवानांनी मला जे समजावून सांगितले ते असे. मेंदूच्या आत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्यातल्या काही पेशी ठरावीक जागी गेल्यावरच चेततात. एक घराच्या दारात चेतते, दुसरी कट्ट्यापाशी, तिसरी वळणावरच्या चिंचेखाली. त्यांना स्थानपेशी म्हणतात. माणूस ओळखीच्या वाटेने चालला की त्या ओळीने उजळत जातात, आणि त्या त्या जागेशी बांधलेली माणसे, वास, बोलणी त्यांच्यामागोमाग जागी होतात. तात्यांच्या आजारात आठवण पुष्कळदा शाबूत असते. तिच्याकडे जाणारी वाट तेवढी मोडलेली असते. ‘मागोवा’ नावाची नवी टोपी ही उजळणारी ओळ ओळखते आणि त्याच क्षणी, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा हलका ठोका देऊन, तो जोड पक्का करते.

मात्र रस्ता खरा हवा. पडद्यावर दाखवलेल्या रस्त्याने मेंदू फसत नाही, कारण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला गचके लागतात आणि नाकाला धूळ लागते. रुग्णाने तरुणपणी पुन्हा पुन्हा तुडवलेली लांबची वाट असेल तर उत्तम. तात्यांच्या वयाला हा उपचार एकदाच झेपण्यासारखा होता.

“आणि अट?” मी विचारले.

“जागी झालेली आठवण काही तास मऊ असते, आईसाहेब. त्या वेळात सोबतच्या माणसाने जे सांगितले, ते तिच्यात मिसळून कायमचे घट्ट होते. कऱ्हाडच्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने दयेपोटी सांगितले, की वारलेले काका परदेशी आहेत. ते गृहस्थ आजही रोज संध्याकाळी भावाच्या फोनची वाट बघतात. तुम्ही प्रश्न विचारू शकता. उत्तर द्यायचे नाही, चूक सुधारायची नाही, नाव तर मुळीच सांगायचे नाही.”

हे मला दोनदा सांगावे लागले नाही. मी भट्टीवाल्याची मुलगी आहे. मुशीत सोने वितळलेले असताना वरून जे पडेल ते त्याच्यात जाते, आणि मग ते सोने पूर्वीचे राहत नाही.

आमचे माहेर विट्याचे. खानापूर तालुक्यातले लोक गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगले, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, तो जाळायचा, धुवायचा, तेजाबात घालायचा आणि त्यातून सोन्याचे कण परत मिळवायचे, हा तो धंदा. तात्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची भट्टी ओरिसात कटकला होती. दसऱ्याला सगळे गावी येत आणि भाऊबीज उरकली की जीपने पुन्हा कटकला निघत. पुष्कळ जण बायकापोरांना गावीच ठेवीत. तात्यांनी आम्हांला बरोबर नेले.

त्या भट्टीत पाण्याचा थेंब वाया जात नसे. हात धुतलेले पाणी हौदात साठवत, कारण बोटांना सोने लागलेले असते. फडकी, केरसुण्या, जुने सदरे जाळून त्यांची राख चाळत. मी शाळेतून आले की भट्टीत खेळत असे, आणि बाहेर पडताना तात्या मला उंबऱ्यावर अडवून पितळी घंगाळात माझे पाय धूत. रोज. गल्लीतल्या मुली बाहेर खोळंबून हसत असत. लेक पळून गेली तरी चालेल, पण तिच्या तळव्याला लागलेला कण जाता कामा नये, असा माझा बाप आहे, हे मी तेव्हाच मनाशी पक्के केले होते.

पुढे लग्नात त्याला पुरावा मिळाला. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक सासरची आणि एक माहेरची. सासरची वाटी ठसठशीत होती, माहेरची जेमतेम हरभऱ्याच्या डाळीएवढी. सासूबाई हयातभर म्हणत राहिल्या, “सोन्याच्या भट्टीवर बसलेला बाप, आणि लेकीला एवढीशी वाटी.” मी मान ताठ ठेवून ऐकले. सासरचे टोमणे माहेरी न्यायचे नाहीत, या वळणात मी वाढले. त्यामुळे तात्यांना कधी विचारले नाही. यजमान गेल्यावरही मी मंगळसूत्र उतरवले नाही, आणि उतरवा म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही विट्याहून निघालो. तात्या, मी, आणि माझी नात शर्वरी. ती फिजिओथेरपीचे शिक्षण घेते. टोपीवरचा आलेख पाहण्याचे आणि पणजोबांचा रक्तदाब मोजण्याचे काम तिच्याकडे होते. माझ्यावर लक्ष ठेवण्याचेही तिच्याकडे होते, हे मला नंतर कळले.

महामार्गावर माणसाने चाक धरणे आता बंद झाले आहे. गाडी स्वतः चालते आणि अदबीने बोलते. निघताच तिने सांगितले, की प्रवाशांच्या वयाचा विचार करून ती सर्व खड्डे टाळील आणि उरलेले धक्के गिळून टाकील.

“काही गिळू नकोस,” मी म्हणाले. “उड्डाणपूल सोड, जुन्या रस्त्याने गावांतून चल. खड्डा आला की त्यातून जा.”

गाडीने मी ही सूचना खरोखरच दिली आहे का, असे विचारले.

“आज्जी, खड्डे मागणारी तू देशातली पहिली बाई असशील,” शर्वरी म्हणाली.

परंतु सांगोल्याच्या पुढे पहिला दणका बसला आणि तात्यांनी समोरची कड अशी धरली, जशी ते जीपमध्ये धरीत. दुतर्फा शाळू हिरवागार उभा होता. “हूड बांध रे, धूळ येतीया,” ते कोणाला तरी म्हणाले. शर्वरीच्या पडद्यावर एक बारीक ओळ उजळून गेली. मी हात जोडले. कोणाला, ते मी ठरवले नव्हते.

पंचाईत सुरू झाली ती सोलापूरला जेवताना. तात्या हात धुवायला उठले, नळाखाली बोटे धरली आणि पाणी मोरीत जाताना पाहून कासावीस झाले. ते ओंजळीने पाणी अडवू लागले. शर्वरी त्यांना समजावू पाहत होती. मी तिला थांबवले आणि हॉटेलवाल्याकडून एक पातेले मागवले. तात्यांनी त्यात हात धुतले, बोटे एकमेकांवर निरखून चोळली, आणि पातेले माझ्याकडे देऊन म्हणाले, “आक्का, नीट ठेव.”

ते पाणी बाटलीत भरून आम्ही बरोबर घेतले. हैदराबादच्या मुक्कामात बाटल्या पुरेनात, तेव्हा मी एक मोठा कॅन विकत आणवला. सूर्यापेटच्या एका लॉजमध्ये सफाईवाल्याने बादली ओतून टाकली आणि तात्या लहान मुलासारखे रडले. त्यानंतर प्रत्येक मुक्कामी मी व्यवस्थापकाला बोलावून घेऊन बजावीत असे, की आमच्या खोलीतल्या हात धुतलेल्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. माझी भाषा त्यांना कळत नसे. सूर कळत असे.

“आज्जी, गाडीत खरकटं पाणी घेऊन देशभर हिंडतोय आपण,” शर्वरी एकदा वैतागून म्हणाली. मी तिला भट्टीतली रीत सांगितली, घंगाळाची गोष्ट सांगितली, वाटीचीही सांगितली. ती म्हणाली, “तू इतकी वर्षं विचारलं नाहीस?”

मी म्हणाले, “विचारणे म्हणजे मागणे.”

विजयवाड्याला कृष्णेच्या काठाने गाडी हळू चालली तेव्हा तात्यांनी काच खाली करायला लावली. नदी पार पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरली होती. ते तिच्याकडे ओळखीने पाहत म्हणाले, “आपलीच कृष्णा. सांगलीला परकरी पोर असती. हितं म्हातारी झाली बग.”

आम्ही उतरलो. मी त्यांचा हात धरून पायरीवर बसवले. शर्वरीने डोळ्यांनी खूण केली. आलेख उंच चालला होता. तात्या पाण्याकडे पाहत बोलू लागले. हितं जीप थांबायची. हितं माझी पोर नारळ टाकायची. आणि मग ते एकदम माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत इतकी स्वच्छ नजर मी दोन वर्षांत पाहिली नव्हती.

“आक्का, ती कुठं हाय? माला?”

एक शब्द पुरे होता. मी म्हणाले असते, ‘तात्या, मीच’, तर ते तत्क्षणी घट्ट झाले असते. ते मला मरेपर्यंत मालाच म्हणाले असते. परंतु ते माझे सांगणे असते, त्यांचे ओळखणे नव्हे. आणि त्यांनी जेव्हा जेव्हा हाक मारली असती, तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला असता. शर्वरी माझ्याकडे बघत होती. मी पदराचे टोक दातात धरले आणि थोड्या वेळाने विचारले, “कशी होती हो तुमची माला?”

“हट्टी,” तात्या लगेच म्हणाले. “कुणाच्या बाचं ऐकायची न्हाई. आन् बोलायची किती! तोंडाला कुलूप न्हाई पोरीच्या.”

शर्वरीने ओढणीत तोंड लपवले. तिचे खांदे हलत होते. मीही हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. माझ्या बापाच्या आत मी शाबूत होते. तेवढ्यानेही मी भरून पावले असते.

राजमहेंद्रीला गोदावरी ओलांडली. विशाखापट्टणमपुढे समुद्राचा वारा लागला तसे तात्या माझ्या आईशी बोलू लागले, भाकरीवर चटणी वाढ म्हणू लागले. मी प्रश्न विचारीत राहिले. आयुष्यभर उत्तरे दिल्यावर मला तेव्हा कळले, की प्रश्न विचारून थांबले की माणूस किती बोलतो. माझ्या आईने त्या जीपमध्ये गाणी म्हटली होती, हे मला तात्यांकडून चिल्का सरोवराच्या काठी समजले. मला ती गाणी आठवत नव्हती. मी आईला कधी गाताना पाहिले आहे, असे मला वाटतच नव्हते.

कटकला पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. सोनारांची गल्ली तिथेच होती. भट्टीच्या जागी आता छेनापोड या तिकडच्या मिठाईचे दुकान झाले होते आणि करपलेल्या साखरेचा वास येत होता. मात्र उंबऱ्याचा काळा दगड तोच होता, मध्यभागी झिजलेला. तात्या काठी टेकत गेले आणि कोणाला न विचारता त्या दगडाच्या कडेला बसले. मग त्यांनी हाताने खूण केली: पाणी.

दुकानाच्या मालकीणबाई प्रथम चकित झाल्या, नंतर त्यांनी शर्वरीच्या मोडक्यातोडक्या हिंदीवर विश्वास ठेवून एक ॲल्युमिनियमची परात आणि तांब्या आणून दिला. तात्यांनी परात पुढे ओढली आणि माझ्याकडे पाहिले.

“पाय इकडं कर.”

सत्तरी ओलांडलेली मी, भर गल्लीत, चार माणसे बघत असताना उंबऱ्यावर बसले आणि नव्वदी ओलांडलेल्या बापाच्या हातात पाय दिले. कधी कोणापुढे न वाकलेल्या बाईला ते किती अवघड, हे मी सांगत बसत नाही. त्यांची रीत चुकली नाही. आधी टाच, मग तळवा, मग बोटांच्या फटी. पाणी परातीबाहेर जात नव्हते.

“हलू नगंस. पाणी सांडल.”

शर्वरी पडद्याकडे बघायची विसरली होती. मला विचारण्याची मुभा होती, म्हणून मी विचारले, “हे पाणी आता हौदात ओतायचे ना?”

तात्यांनी मान हलवली. “हौदात न्हाई. हौद दुकानाचा. ह्ये निराळ्या मडक्यात.”

“निराळे कशाला?”

“दुकानाचं सोनं दोघा भावांचं, भागीचं. त्यातलं लेकीला दिलं तर वाटणीचं दिल्यागत. ह्ये पोरीच्या पायानं आल्यालं. दादाला इचारलं म्या. दादा म्हनला, पोरीचं पोरीला.” त्यांनी माझा दुसरा पाय हातात घेतला. “तिच्या लग्नाला वाटी करनार हाय ह्येची. बारकी हुईल. हुंदे. पर त्यात बाहीरचा कण मिसळायचा न्हाई.”

गल्लीतला आवाज मला ऐकू येईनासा झाला. शाळेतून येऊन भट्टीत खेळलेली सगळी वर्षे, रोज संध्याकाळी डोळ्यांना न दिसणारा एखादा कण, त्याचे निराळे मडके, निराळी राख, निराळी मूस. आणि ती वाटी चार लोकांत लहान दिसणार हे ठाऊक असूनही त्यांनी तिच्यात भर घातली नव्हती.

मी खाली वाकले. वाकले म्हणण्यापेक्षा वाकले गेले. मंगळसूत्र पदरातून सुटून त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबू लागले. तात्यांनी ओले हात सदऱ्याला न पुसता परातीत झटकले, आणि मग त्या लहान वाटीला अंगठा आणि तर्जनीत धरले. भट्टीवाला माणूस कसलाही दागिना धरतो तसा, उजेडाकडे किंचित वळवून. त्यांनी वाटी पाहिली, माझ्या गळ्याकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे. कितीतरी वेळ पाहिले.

“माले,” ते म्हणाले, “तू म्हातारी झालीस की गं.”

“झाले, तात्या,” मी म्हणाले. आता बोलायला हरकत नव्हती.

परतल्यावर डॉक्टर बागवानांनी सारे आलेख तपासले. मी त्यांना एकच विचारले, की ही आठवण खरी कशावरून. त्या म्हणाल्या, की आईसाहेब, ती तुम्ही त्यांच्या तोंडात घालणे शक्यच नव्हते, कारण ती तुम्हांला स्वतःलाच माहीत नव्हती. मी ती वाटी विट्याच्या भावाकडे कसाला लावायला नेणार होते. दारापर्यंत गेले आणि परत आले. बापाच्या शब्दाचा कस दगडावर पाहत नाहीत.

तात्या त्यानंतर पुढचा उन्हाळा पाहून गेले. बाकीची माणसे त्यांना पुन्हा ओळखता आली नाहीत. शर्वरीला ते अखेरपर्यंत नर्स समजत. परंतु मला त्यांनी एकदाही आक्का म्हटले नाही. मी त्यांना माझ्याच घरी आणून ठेवले होते. संध्याकाळ झाली की ते हाक मारीत, मग मी जे काही चालले असेल ते सोडून येत असे. सरपंच बसलेले असोत, व्याही बसलेले असोत. ओसरीवर घंगाळ मांडलेले असे. सुना पदर सावरून उभ्या राहत, मुलगे नजर दुसरीकडे वळवीत, आणि मोहित्यांच्या आईसाहेब उंबऱ्यावर बसून पाय पुढे करीत.

“सांडू नगंस गं, माले.”

“नाही सांडत, तात्या.”

ते पाणी आम्ही निराळे ठेवत असू.